बिडाचा पत्रा आणि माझी ऊब

आमच्या फायरप्लेसमध्ये जळतात आमची लाकडं आणि ऊब मिळते वेल्सच्या आभाळाला. धुराड्यावर कावळे शेकत बसतात आणि खाली मी दोन स्वेटर, कानटोपी घालून कुडकुडतो. शेवटी जानेवारीत बायकोनं, एलिनेडनं, बॅग भरून दाराशी ठेवली.

"रविवारपर्यंत खोली तापली नाही, तर मी चालले ताईकडे. तिथं निदान कोट काढून बसता येतं!"

"आणि माझं काय?"

"तू बस कावळ्यांबरोबर."

(एवढ्या वर्षांच्या संसाराचं हे फळ!)

शेजारचा ग्विलिम म्हणाला, "आगीमागं बिडाचा जाड पत्रा उभा कर. तो तापला की ऊब खोलीत परत येते."

आणि काय सांगू, अंगणातल्या झुडपांत अगदी तसाच पत्रा सापडला! खाली कुजक्या फळ्या होत्या. असतील, म्हटलं. माणसानं प्रत्येक गोष्टीच्या खोलात जाऊ नये. (हे तत्त्व मी पुढं स्वतःच मोडलं.)

रविवारी खोली खरंच तापली. एलिनेडनं एक स्वेटर काढला, मग दुसरा. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात ग्विलिम चहाला आला आणि पत्र्याकडं बघतच राहिला.

"एमरिस, हा कुठनं उचललास?"

"अंगणातनं. पडला होता."

"पडला नव्हता रे बाबा, झाकण होतं ते! संडासाच्या टाकीचं! आणि माझी मेंढरं तिकडंच चरतायत!"

मी धावलो. मेंढरं त्या जागेला वळसा घालून निवांत चरत होती. फळ्या फक्त माझीच वाट बघत होत्या. पाय पडताच मोडल्या आणि मी कमरेपर्यंत टाकीत गेलो.

ग्विलिमनं दोर टाकून मला ओढलं. "मेंढरू काढणं सोपं," तो धापा टाकत म्हणाला, "ते मध्येमध्ये सूचना देत नाही."

मग टाकीवर जुनं दार टाकलं आणि अंगणातच बागेच्या नळीनं मला आंघोळ घातली. तीनदा. वास काही जाईना. रडावंसं वाटलं, पण दात इतके वाजत होते की तेही जमेना.

खिडकीतून पाहिलं. दाराशी बॅग नव्हती. एलिनेड माझ्या खुर्चीत मोजे काढून पाय शेकत होती आणि ग्विलिम माझा केक खात होता. मी खिडकी ढकलली.

"आता नाही ना जाणार ताईकडे?"

"छे! खोली कशी मस्त तापलीय."

"मग मी आत येऊ?"

तिनं नाकाला रुमाल लावला. "वास गेल्यावर. आणि ती खिडकी लाव आधी, सगळी ऊब बाहेर चाललीय!"

मी खिडकी लावली आणि धुराड्याकडं पाहिलं. कावळेसुद्धा उडून गेले होते. (वर ऊब येईनाशी झाली म्हणून, असं मी समजतो.)