वीस मिनिटं नळाखाली

शेवटचं भजं नूरजहांनं जरा उंचावरून सोडलं आणि तेलानं तिच्या उजव्या हातावर उडी घेतली. गॅस बंद करून तिनं आधी बोटं हलवून पाहिली. या बोटांवर शिलाई मशीन चालायचं, आणि मशीनवर घर.

तिची किंकाळी ऐकून शेजारचे लालासाहेब टूथपेस्ट घेऊन आले, समोरच्या अर्जुनाकाकी तूप-हळद. तेवढ्यात सांगलीला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीला, सबीनाला, फोन लागला. "आई, काही लावू देऊ नको! बांगड्या काढ. वाहत्या नळाखाली हात धर, वीस मिनिटं!"

सांगलीत बसून सांगायला काय जातं! दुष्काळी माण तालुक्यातल्या या गल्लीत नळ चौथ्या दिवशी यायचा, तासभर. आज नेमका आला होता.

"वीस मिंटं पाणी गटारात?" सासू हलिमाबी कळवळल्या. "अगं, कातडं परत येतंय. पाणी येतंय व्हय?"

"अम्मा, बोटं आखडली तर मशीन कोण चालवंल?"

हलिमाबींनी क्षणभर विचार केला आणि सुनेच्या हाताखाली घागर सरकवली. "हं. चालू दे तुझं औषध."

आठव्या मिनिटाला घागर, बादली, कुकर, परात, सगळं भरलं. हलिमाबींचा हात नळाच्या चावीकडे गेला.

"आवं अत्त्या, औषध मधीच तोडत्यात व्हय?" अर्जुनाकाकींनी तूप-हळद कट्ट्यावर ठेवून आपली कळशी लावली. एरवी हलिमाबी या नळाचा थेंब कुणाला देत नसत. पण सुनेच्या औषधाला नाही कसं म्हणणार? लालासाहेबांच्या नळाला तर नुसती हवाच यायची. पेस्ट खिशात कोंबून ते शेळीची बादली घेऊन आले.

"भाऊजी, हात धुतल्यालं पाणी हाय," नूरजहां संकोचली.

"शेळी कवा इचारती?"

"आई, झाली वीस मिनिटं," फोनमधून सबीना म्हणाली. "काढ आता हात."

"काढू नगंस!" गल्ली एका सुरात ओरडली.

शेवटी नळच गेला, तेव्हा हात सुटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटांची उघडझाप करून पाहिली. "वाचला हात. काही फासलंही नाही! कुणी सांगितलं एवढा वेळ पाण्यात धरायला?"

नूरजहां तोंड उघडणार, तोच हलिमाबी म्हणाल्या, "आमीच. आमची गल्ली लय शानी हाय."

चौथ्या दिवशी नळ आला. पट्टी बांधलेल्या हातानं नूरजहां मशीनवर हळूहळू शिवत होती. दारात अर्जुनाकाकी उभ्या, दोन्ही काखांत घागरी. त्यांनी मायेनं तिच्या पट्टीवरून नजर फिरवली, मग गॅसकडे पाहिलं.

"नूरजा," त्या हळूच म्हणाल्या, "आज भजी न्हाई व्हय गं तळायची?"