हेडाऊ काकांची तिसरीतली मुलगी

हेडाऊ काका साबण घेताना किंमत बघत नाहीत, वजन बघत नाहीत, वास तर घेतच नाहीत. ते पुडा उलटा करतात आणि मागे छापलेली कंपनीची सत्कृत्यं वाचतात. मोठ्याने वाचतात. संध्याकाळी आमच्या वाडीतल्या किराणा दुकानात गर्दी असते, कोणाला जिरं हवं असतं, कोणाला तेलाची थैली, आणि काका मधोमध उभे राहून खणखणीत आवाजात जाहीर करतात, की ही टूथपेस्टवाली कंपनी गावोगावी फुकट दात तपासते, असं तिचं म्हणणं आहे. ‘असं तिचं म्हणणं आहे’ हे शेपूट काकांचं स्वतःचं. दुकानदार साहूजींनी शेवटी कोपऱ्यात त्यांच्यासाठी एक स्टूल टाकून दिलं. निदान वाट तरी मोकळी राहते.

काका आमचे शेजारी. काकू गेल्यापासून घरात एकटेच असतात. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये त्यांनी उभा जन्म बुकिंग क्लार्क म्हणून काढला. ट्रकसोबत एक कागद जातो, त्यावर माल कोणता, कोणी पाठवला, कुठे उतरवायचा, सगळं लिहिलेलं असतं. त्याला बिल्टी म्हणतात. काकांचं अख्खं तत्त्वज्ञान या बिल्टीतून निघालं आहे. “बिल्टीवर लिहिलं तं माल उतरला पाहिजे.” हे वाक्य त्यांनी नगरसेवकाला ऐकवलं आहे, लग्नाच्या हॉलमध्ये जेवण संपल्यावर वरबापाला ऐकवलं आहे, आणि माझ्या बायकोलाही ऐकवलं आहे. तिने त्यांना कोथिंबिरीची सांबारवडी खायला बोलावलं आणि ऐनवेळी भजी केली, एवढाच तिचा गुन्हा. ती पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

निवृत्त झाल्यावर ट्रक सुटले, पण बिल्टी सुटली नाही. पुड्यांच्या पाठी हीच आता त्यांची बिल्टी. एका पाण्याच्या बाटलीवर ‘पृथ्वी वाचवू या’ असं लिहिलं होतं. काकांनी उभ्याउभ्या पाणी संपवलं, बाटली साहूजींसमोर ठेवली आणि विचारलं, पृथ्वी वाचवायसाठी आता ही कुठं टाकू. एक कंपनी नद्या साफ करते असं वाचल्याबरोबर त्यांनी तिच्या कस्टमर केअरला फोन लावला आणि आमच्या गटार झालेल्या नाग नदीचा पत्ता लिहून घ्यायला लावला. पलीकडच्या मुलाने बिचाऱ्याने पिनकोडही विचारला. काका अजून वाट बघताहेत.

आता यात आम्हा बाकीच्यांचं काय म्हणाल, तर आम्ही सगळे सज्जन गिऱ्हाईक. माझी बायको कुठेही विचारा, सांगेल की आपण चार पैसे जास्त गेले तरी चांगलं काम करणाऱ्या कंपनीचाच माल घ्यावा. आणि मग एकावर एक फुकट दिसलं, की चांगलं काम गेलं उडत. मीही तसाच. काका मात्र उलटे. “सगळा धंदा आहे गा भाऊ. पुण्य बी छापून विकून राहिले लोक,” हे त्यांचं ठरलेलं मत. असं म्हणत म्हणत ते कपड्यांची एक पावडर न चुकता घेत. बाकीच्यांपेक्षा महाग, आणि खरं सांगायचं तर फेसही यथातथाच.

त्या पुड्यावर एक मुलगी आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी, डोळे दिपतील असा पांढरा युनिफॉर्म, आणि छातीशी धरलेलं तिसरीचं पुस्तक. खाली ओळ, ‘तुमच्या प्रत्येक पुड्यातून हिची शाळा’. काकांनी पहिला पुडा घेतला तेव्हा ती तिसरीत होती. त्याला वर्षं लोटली. दरम्यान आमचा मुलगा प्राथमिक शाळेतून निघून कॉलेजात पोचला, आणि ती आपली तिसरीतच.

काकांनी फोन लावला. ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे त्यांचा पत्रव्यवहार सगळ्या गल्लीला पाठ असतो. त्यांनी विचारलं, की मी इतकी वर्षं तुमची पावडर घेऊन राहिलो, मग पोरगी वरच्या वर्गात काहून जाऊन नाही राहिली. पलीकडची बाई म्हणाली, सर, ते चित्र प्रतीकात्मक आहे. काका म्हणाले, “मंग शाळा बी प्रतीकात्मकच आहे का?” तिने त्यांना होल्डवर टाकलं. काका सतार ऐकत ओट्यावर बसून राहिले, आणि मी आत जाऊन कूलरमध्ये पाणी भरून आलो तरी सतार चालूच होती.

पुढे काय झालं, की त्याच कंपनीने आमच्या समाजभवनात गिऱ्हाइकांची सभा घेतली. पुण्याहून एक तरुण अधिकारी आली होती, हसरी, ऋता नावाची. नाश्त्याला पोहे होते, म्हणून सगळी गल्ली हजर. तिने विचारलं, समाजासाठी काही करणाऱ्या कंपनीचा माल तुम्ही थोडा महाग असला तरी घ्याल का? सगळ्यांनी हात वर केले. माझ्या बायकोने तर दोन्ही केले. काकांनी एकट्याने हात खाली ठेवला आणि ते उभे राहिले. आधी ते धंदा, पुण्य, बिल्टी वगैरे बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी खिशातून पुड्याची घडी काढली, मुलीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे पास झाली का?”

हॉल हसला. ऋता हसली नाही. म्हणाली, काका, ही फोटोपुरती मुलगी आहे. पैसे एका संस्थेला जातात, ती मुलींच्या शाळा चालवते. कुठल्या, कोणत्या मुली शिकल्या, मला माहीत नाही. विचारून सांगते. काकांनी तिला नंबर दिला. त्या दिवसापासून गल्लीत एकच विषय, कंपनीचा फोन आला का? साहूजी तर म्हणत, हेडाऊजी या वेळी कंपनीला ग्राहक मंचात उभं करणार. काकाही मिशीवर ताव देत, की खोटं निघू द्या, पेपरात देतो.

फोन आला तेव्हा दुपारची वेळ होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ओट्यावर मी आणि काका दोघेच होतो. स्पीकर अर्थात चालूच. ऋता दबक्या आवाजात बोलत होती. ती योजना काही वर्षं खरोखर चालली, मग बंद झाली. चित्र मात्र ठेवलं, कारण चित्रामुळे पुडे खपतात. “हे मी तुम्हाला सांगायला नको होतं काका,” ती म्हणाली, “पण तुम्ही फार मनापासून विचारलं होतं.”

मी काकांकडे बघत होतो. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आयता हातात आला होता. काकांनी फोन तोंडाजवळ धरला. मग त्यांनी विचारलं, चालू होती तेव्हा पोरी शिकल्या का? ती म्हणाली, शिकल्या, त्या शाळेतल्या बाईंशी मी स्वतः बोलले.

“मंग अर्धा माल तं उतरला,” काका म्हणाले. आणि पुढे अगदी हळू आवाजात म्हणाले, “तू नोकरी सांभाळ बेटा. मी कोनाले सांगत नाही.”

त्यांनी खरंच कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी दुकानात साहूजींनी विचारलं, तर म्हणाले, कुठला फोन न कुठलं काय. लोक हसले, एवढा गाजावाजा केला आणि कंपनीने काकांना वाटेला लावलं, असं चारचौघांत बोलले. हेडाऊ काका खाली मान घालून ऐकत होते. ज्याने आयुष्यात कोणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलं नाही तो माणूस त्या पोरीसाठी सगळं मुकाट्याने ऐकून घेत होता. मला फार वाईट वाटलं. म्हणून कंपनीचं नाव मीही इथे लिहीत नाही, आणि त्या मुलीचं खरं नाव ऋता नाही.

परत येताना मला राहवलं नाही. मी म्हणालो, काका, सगळा धंदा आहे हे तुम्हीच सांगत होतात. मग तीच महाग पावडर इतकी वर्षं काहून घेतली?

काका चालता चालता थांबले. म्हणाले, “खोटं असन तं त्यायचं पाप आहे भाऊ. पण खरं असलं, अन् मीच नाही घेतली तं? एखाद्या पोरीची शाळा माह्यामुळं सुटली असती न.”

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आम्ही पुन्हा चालू लागलो. त्यांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा त्यांनी कडी काढली, पण आत गेले नाहीत.

“आमाले लेकरू नाही झालं,” ते म्हणाले. “सकाळी बादलीत ते पावडर टाकली का वाटे, आपल्या बी घरून कोनी शाळेत जाऊन राहिलं.”