त्रितालातला नॉर्वेजियन स्टेशनमास्तर

"विश्वास कुणाचाच बसणार नाही! आणि बसायची गरजही नाही, मी स्वतः तिथे होतो!" शैलाच्या बेसमेंटमध्ये, भज्यांची बशी मांडीवर घेऊन जगन्नाथकाकांनी जाहीर केलं.

चौऱ्याऐंशीचा हिवाळा. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातली मराठी मंडळी सरसावून बसली. काकांच्या शेजारी राहणाऱ्या नॉर्वेजियन हॉल्वर्सननं त्यांना आल्या दिवसापासून 'जॅग' करून ठेवलं होतं, आणि काकांना ते चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी बजावलं, पूर्ण नाव घे! तर म्हणतो, टू लाँग! म्हटलं, आणि तुमच्या नॉर्वेत मालगाडीएवढे शब्द असतात ते? लागली पैज! गेल्या शनिवारी त्यांच्या क्लबात मासळीचं डिनर होतं. तो देईल तो शब्द मी भर हॉलमध्ये वाचायचा. जमलं तर जगन्नाथ, नाही तर मरेपर्यंत जॅग!"

"कुठला शब्द दिला, काका?" राजीवनं विचारलं. तो भाषाशास्त्रात पीएच.डी. करत होता.

"यॅर्नबानेस्ताशून्समेस्तर! म्हणजे रेल्वेचा स्टेशनमास्तर. मी आधी डबे सुटे केले. यॅर्न, बाने, स्ताशून्स, मेस्तर. सगळा जोर पहिल्या डब्यावर, इंजिन तेच! पुढे एक हलकी थाप, बाकीचे आपोआप ओढले जातात!"

"हे मात्र खरंय," राजीव चकित झाला. "जोडशब्दात मुख्य आघात पहिल्या भागावरच असतो."

झालं! काकांची गाडी उताराला लागली.

"टेबलावर थाप मारली आणि 'यॅर्न' बरोब्बर समेवर! हॉल ओरडला, वन्स मोअर! आता नुसतं वन्स मोअर कसं द्यायचं? तिहाईच घेतली, तोच शब्द तीनदा, शेवटचा थेट समेवर! म्हाताऱ्यांनी चमचे उचलले, अख्ख्या हॉलमध्ये त्रिताल! त्यांची ती मासळी, खरवसासारखी थुलथुलीत, दर समेला बशीतून वीतभर उडायची! एक तुकडा झुंबरावर जाऊन बसला. प्रेसिडेंटबाईंची कवळी दुगुनीत वाजायला लागली!"

"काका, प्लीज!"

"हसा! पोलीस आला, तोही नॉर्वेजियन निघाला! त्यानं दंडुक्यानं ठेका धरला! शेवटी हॉल्वर्सन खुर्चीवर चढला, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाला, 'जगन्नाथ!' एक अक्षर इकडचं तिकडे नाही! त्या दिवसापासून त्याच्या तोंडात दुसरं नाव नाही!"

चहा गाळणाऱ्या मीनाक्षीकाकूंनी गाळणं खाली ठेवलं.

"अहो, मग आज सकाळी 'जॅग, मूव्ह युवर कार' म्हणून कुंपणापलीकडून ओरडला, आणि तुम्ही निमूट हलवलीत, तो कोण होता?"