उठबस : उत्तम

संशोधनाचे पहिले तत्त्व असे आहे की, ज्याच्यावर संशोधन करायचे त्याला काय हवे आहे, हे सुरुवातीलाच विचारू नये. उत्तर मिळाले, तर संशोधनाची गरज संपते.

वसईतल्या पाचूबंदरच्या रेजिनाला हे तत्त्व ठाऊक नव्हते. ती बाजारात मासळी विकायची. सातिवलीहून येताना तिची रिक्षा कलंडली (खड्डा कोणाच्या हद्दीत होता, याचा अभ्यास अजून चालू आहे), पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचे शरीर तिचे ऐकेनासे झाले. तोंडावर मात्र काडीचाही परिणाम झाला नाही, असे तिची नणंद लुईझा सांगते. त्या सांगण्यात थोडी तक्रार असते.

रेजिनाला एकच गोष्ट हवी होती : बाजारातला आपला ओटा. सासूकडून आलेला, पंख्याखालचा, नळाच्या शेजारचा. ओट्यावर बसायला पाय लागत नाहीत. ओट्यापर्यंत जायला लागतात, कारण बाजाराच्या तोंडाशी तीन पायऱ्या आहेत. सुरुवातीला लुईझा आणि बर्फवाला मिळून तिला चाकाच्या खुर्चीसकट वर न्यायचे. एकदा माशांच्या पाण्यावरून बर्फवाल्याचा पाय सटकला, खुर्ची कशीबशी सावरली, आणि तेव्हापासून त्याने फक्त बर्फच उचलायचे ठरवले. रेजिना पायऱ्यांखाली, रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसू लागली.

आता बाजार समितीचा नियम असा, की नाताळच्या आदल्या रविवारी सकाळी आठच्या पाहणीच्या फेरीत जिचा ओटा रिकामा दिसेल, तिचा ओटा दुसरीला जाईल. नियम चांगलाच आहे. रिकाम्या ओट्यावर मांजरे बसतात. रेजिना म्हणाली, पायऱ्यांच्या बाजूने एक उतार बांधून द्या. समितीने नाही म्हटले नाही. (समिती नाही कधीच म्हणत नाही.) उताराची गरज शास्त्रीय पद्धतीने सिद्ध व्हावी, एवढेच तिचे म्हणणे.

सुदैवाने एक केंद्र त्याच सुमारास ‘मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरचे आरोग्य, कार्यक्षमता आणि काळजी’ या विषयावर संशोधन करीत होते. केंद्राचे प्रश्न आधी अगदी साधे होते. ‘आधाराशिवाय उभे राहता येते का?’ वगैरे. भाषा उपसमितीला ते फार घरगुती वाटले. तिने सर्व प्रश्नांना वळणदार मराठीत आणले आणि एक सूचना जोडली : प्रश्न समजावून सांगू नये, त्याने उत्तर दूषित होते.

ते प्रश्न घेऊन क्षितिजा नावाची संशोधिका विरारहून आली आणि पाटीसमोर उकिडवी बसली.

“मावशी, आपली उठबस कशी आहे?”

“एकदम चांगली. फादर, डॉक्टर, बँकेतले सायब, सगले माझ्याकडनंच नेतात.”

(उठबस : उत्तम.)

“स्वतःच्या पायावर उभ्या आहात का?”

“लग्नाच्या आधीपासून. माझा दादला बॅप्टिस्ट, तो आत्ता कुठं उभा राह्यलाय.”

(आधाराशिवाय उभ्या राहतात. पतीचीही प्रगती समाधानकारक.)

“हातपाय हलवता का?”

“नाय हलवले तर घरात चूल कोन पेटवील, बाय? तू?”

(हालचाल : पूर्ण.)

“काळजी, दिवसातून किती तास?”

“चोवीस. झोपेत पन.”

(काळजी : अहोरात्र उपलब्ध.)

“आन मी कोन?” लुईझा मागून म्हणाली. बसून बसून कातडी सोलवटू नये म्हणून वहिनीला थोड्या थोड्या वेळाने काखेत धरून उचलायचे काम ती करते. पण प्रश्नावलीत नणंदेसाठी चौकट नव्हती.

“आणखी काही सांगायचंय, मावशी?”

“तितं उतार करा.”

हे ‘इतर’मध्ये गेले. ‘इतर’ची बेरीज करीत नाहीत.

अहवाल सुंदर निघाला. रेजिना शंभरपैकी सत्त्याण्णव गुण मिळवून पूर्ण पुनर्वसित ठरली. सबब उताराची गरज आढळली नाही.

क्षितिजा पोरगी वाईट नाही. ती स्वतःहून परत आली आणि खाली मान घालून म्हणाली, “मावशी, तुम्ही उभ्या राहता, असं लिहिलं गेलंय.”

“खोटं काय त्यात? मी राहतेच. तू नाय राहत?”

क्षितिजा अकरा महिन्यांच्या करारावर होती. तिने हा प्रश्न वगळला.

यापुढची प्रगती मात्र संशोधनाविना झाली. रस्त्याकडेला बसलेल्या रेजिनाकडे गर्दी वाढू लागली. माणसे स्कूटरवरून न उतरताच बोंबील घेत आणि जात. तीन पायऱ्या चढता येणारी माणसे वसईत किती आहेत, हे कोणी मोजले नव्हते. चढणारी मोजली तर फारच थोडी भरली. वरच्या कोळणी माश्या हाकत बसल्या. मग सुदृढ ग्राहकांनी तक्रार केली, की पिशवी घेऊन चढताना गुडघे बोलतात. समिती हेलावली. ‘ग्राहक-सुलभता’ या नावाखाली आठवड्याभरात उतार बांधून झाला, आणि केंद्राने तो आपल्या संशोधनाचे फलित म्हणून जाहीर केला.

रेजिनाला नावाशी देणेघेणे नव्हते. उतार ओला होता तेव्हाच ती त्याच्याकडे पाहून लुईझाला म्हणाली, “पंख्याला तेल घालून ठेव गो.”

आज नाताळचा आदला रविवार. आठ वाजत आले आहेत. समितीचे चिटणीस फर्डिनंड आत पहिल्या ओट्याशी चष्मा पुसताहेत. ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पाटी घेऊन रेजिना उताराच्या पायथ्याशी आली आहे. लुईझाने खुर्ची धरली आहे. आणि उतारावर एक स्कूटर उभी आहे, तिरकी.

“कोनाची रे ही?” लुईझा आत तोंड करून विचारते.

“ऱ्हाऊ दे,” रेजिना म्हणते. “दोन मिन्टांत येतील. चांगल्या घरची मानसं असतील.”

आहातच. तुम्ही आत हलव्याचे कल्ले उचलून पाहताय आणि लुईझाचा आवाज तुम्हाला ऐकू आला आहे. तुमची उठबस उत्तम, तुम्ही स्वतःच्या पायावर उभे, हातपायही हलतात. मग खिशातली किल्ली काढून बाहेर यायला तुमच्या शरीराचा नेमका कोणता भाग तुमचे ऐकत नाही, हे केंद्राला जाणून घ्यायचे आहे. क्षितिजा प्रश्नावली घेऊन दाराशी थांबली आहे. प्रश्न समजावून सांगितला जाणार नाही.