भालेरावांची कपात

आमच्या शेजारचे भालेराव तुम्हाला वाटीभर खीर देतील, पण वही पुढे करून सही घेतल्याशिवाय वाटीवरचा हात काढणार नाहीत. "खीर, एक वाटी, मिळाली" असं लिहून मी आजवर कितीदा सही केली असेल. वाटी परत नेली की तेही माझ्या वहीत सही करतात. ती वही त्यांनीच आणून दिली, आणि तिचीही पोच घेतली.

मुलांनो, पोच म्हणजे वस्तू किंवा कागद हाती आल्याची लेखी कबुली. भालेराव कान्ह्याच्या एका कारखान्यात गेटवर आवक-जावक लिहितात. तीस वर्षं गाड्यांच्या पोचा घेऊन त्यांचा माणसाच्या बोलण्यावरचा विश्वास उडाला, कागदावरचा तेवढा राहिला. "तोंडाचं काय खरं न्हाई, बाई. सही पायजे." त्यांच्या सुजाताला मी इंग्रजी शिकवत असे, म्हणून मी त्यांची बाई.

आमच्या वलवणमध्ये सगळे त्यांची थट्टा करत. "भालेराव, नमस्कार पोचला, कुठं सही करू?" असं दूधवाला रोज विचारायचा. भालेरावांच्या पत्नी शांतावहिनी गेल्या त्यानंतर त्याने विचारणं सोडलं. स्मशानातल्या माणसापुढे भालेरावांनी वही धरली होती. काय लिहावं ते त्या बिचाऱ्याला कळेना. शेवटी त्याने "मिळाली" असं लिहून सही केली. भालेरावांनी ते नीट वाचलं आणि वही खिशात ठेवली. तुमचे आजोबा तिथे होते. त्यांनीच घरी येऊन मला हे सांगितलं.

सुजाता त्या वेळी आली नव्हती. तिच्या इंजिनियरिंगसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. वहिनी जाण्याआधीच पुण्यात नोकरी लागून तिने घरी न सांगता लग्न केलं होतं. फोनवर भालेराव तिला म्हणाले, "आमाला पोरगी न्हाई." माणूस रागात बोलतो, पण भालेरावांना शब्द मागे घेता येत नाही. तिचा फोन पुन्हा आला नाही. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला भालेरावांच्या पगारातून कापून परस्पर बँकेत जात राहिला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कागदावर सही माजी हाय."

या वर्षी ते कर्ज फिटत आलं. पण पगार करणारं कार्यालय आपणहून कपात थांबवत नाही. कर्जाची किती बाकी उरली याचा बँकेचा दाखला जोडून दहा तारखेपर्यंत अर्ज द्यावा लागतो. नाही दिला, तर कापत राहतात आणि जास्त गेलेले पैसे परत मिळवायला खेटे घालावे लागतात. भालेराव दिवाळीत निवृत्त होणार, घराचे पत्रे फुटलेले, पावसाआधी बदलायला हवेत. मी अर्ज टाइप करून दिला.

पहिल्या वेळी समास कमी पडला म्हणून परत आणला. दुसऱ्या वेळी नम्र विनंतीत नम्रपणा कमी होता. तिसऱ्या वेळी कागद पातळ होता, हातात घेताच फाटेल म्हणाले. गेटवर तीस वर्षं इतरांच्या कागदांतल्या चुका काढलेला माणूस. मी तिन्ही वेळा निमूटपणे दुरुस्त केलं.

नऊ तारखेला दुपारी त्यांची सुट्टी होती. मी त्यांच्याकडे गेले. चौथा अर्ज टेबलावर तसाच होता. मला अव्यवस्थितपणा सहन होत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

"भालेराव, उद्याचा एकच दिवस आहे. पैसे जास्त झालेत का तुम्हाला?"

"न्हाई, बाई."

"मग अर्ज का देत नाही? आता काय चुकलंय?"

"चुकलं काय न्हाई." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. या वेळी वही काढली नाही. "हप्ता गेला का बँकेचा मेसेज जातो. एक माज्या फोनवर, एक तिच्या. कर्ज तिच्या नावावर हाय न्हवं?"

"सुजाताचा नंबर आहे तुमच्याकडे?"

"व्हता. शांता गेली तवा लावला. बंद हाय. मैत्रिणींस्नी इचारलं, त्या सांगत न्हाईत."

"मग मेसेज बंद नंबरवरच जात असेल."

"बँकंकडं नवा असंल. बँकंला द्यावाच लागतो नंबर." हे त्यांनी इतक्या घाईने म्हटलं, की मी तो विषय सोडला.

"आईचं तिला ठाऊकच नाही?"

"कसं असंल? बँकेत गेलतो. नंबर द्या म्हणलं, तर म्हणले गिऱ्हाइकाचा नंबर देता येत न्हाई. मी म्हणलं, बरं, नगा देऊ. पुढच्या मेसेजात एक ओळ घाला, तुजी आई गेली म्हणून. तर म्हणले, काका, तशी सोय नसती." ते अर्जाकडे बघत राहिले. "तेवढा हप्ता जातोय तवर तिला कळतंय, बाप हाय म्हणून. ते थांबलं, तर मीबी गेलो असं वाटंल तिला."

मी अर्ज उचलून घरी आले. त्यात "या महिन्यानंतर कपात बंद करावी" असं होतं. नव्या कागदावर ते "पुढच्या महिन्यानंतर" केलं. पत्र्यांचे पैसे त्यात अडकणार, हे मला कळत होतं.

सकाळी भालेराव गाडीला निघाले तेव्हा मी फाटकाशी उभी होते. त्यांनी अर्ज उभ्यानेच वाचला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"बाई, एक म्हैना जादा पडतोय."

"पडू दे," मी म्हटलं.

फाटकाच्या खांबावर कागद ठेवून त्यांनी सही केली आणि ते कान्ह्याला गेले.