उपग्रहाने पोहोचवलेला मामा

आमचे साडू बन्सीलाल जहाजावर नोकरीला. नव्व्याण्णव सालच्या एप्रिलात ते सुट्टीवर आले, आणि धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घरी चहाच्या कपांशेजारी दोन यंत्रं मांडून म्हणाले, "यातलं एक तुमच्या मोटरसायकलला. निवडा." त्याच वेळी मी "चहा गार होतोय" म्हणून विषय बदलला असता, तर आज बहिणीसमोर मान वर करून उभा राहू शकलो असतो.

ही यंत्रं म्हणे आकाशातल्या उपग्रहांशी बोलून आपण कुठे आहोत ते सांगतात. मला त्यांची गरज होती, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. मी सरकारी कचेरीत नकाशांच्या विभागात कारकून आहे (नकाशे गुंडाळायचं काम माझं; उलगडणारे साहेब वेगळे), पण स्वतःला रस्ता म्हणून सापडत नाही. आणि विचारायचा तर धसकाच घेतलाय. आमच्या खान्देशात रस्ता विचारला की माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग आईचं माहेर. तेवढ्यात नातं निघतं, नात्यापाठोपाठ चहा येतो, आणि निघताना लक्षात येतं की रस्ता विचारायचा राहूनच गेला.

तेव्हा मी निवडीला बसलो. मोठ्या यंत्रात नकाशा होता, पण अमेरिकेचा. धाकटं पिवळं. त्यात नकाशा नाही, नुसता बाण. एखाद्या जागी उभं राहून बटण दाबून ठेवलं की पुढे कुठूनही त्या जागेकडे बाण रोखून बसायचं. मी दोन्ही राजदूतच्या हँडलला सायकलच्या ट्यूबने बांधून गल्लीतून फेऱ्या मारल्या. मोठ्याचा पडदा उन्हात काळा पडे आणि पहिल्याच खड्ड्यात त्याचे सेल बाहेर येत. शिवाय अमेरिकेच्या नकाशात माझ्या बहिणीचं धरणगाव कुठेच नव्हतं. मी पिवळं निवडलं.

"एक खोट आहे," बन्सीलाल म्हणाले. "अमेरिकेचं लष्कर यात मुद्दाम शंभरेक मीटरचा फरक ठेवतं."

"शंभर मीटरनी काय होतंय!" मी म्हणालो.

"दोन्ही परत द्या," आमची कुंदा आतून म्हणाली. "देवाने तोंड दिलंय ना विचारायला?"

मे महिन्यात माझी थोरली बहीण नर्मदाअक्का हिच्या उज्ज्वलाचं लग्न होतं, धरणगावला, दारापुढे मांडव घालून. मी उज्ज्वलाचा एकुलता एक मामा. मामाने मुलीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. साखरपुड्याच्या दिवशी अक्का डोळे पुसत म्हणाली होती, "अभिमन, आपले वडील गेल्यापासून माहेरचा म्हणून तू एकटा आहेस. काही आणू नकोस, फक्त वेळेवर ये." मी तिला शब्द दिला, आणि बाहेर जाऊन तिच्या दारात उभा राहून यंत्राचं बटण दाबलं.

कुंदा हळदीसाठी एसटीने पुढे गेली. मी लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो. अमळनेरपर्यंत बाण आणि रस्ता गुण्यागोविंदाने नांदत होते. पुढे एका फाट्यावर रस्ता उजवीकडे वळला, बाण वळला नाही. मी बाणाचं ऐकलं. सडकेची गाडीवाट झाली, गाडीवाटेची पायवाट झाली, आणि मग मी राजदूतसकट एका नांगरलेल्या वावरात ढेकळांवर आडवा झालो. बांधावरच्या निंबाखाली बसलेले एक आबा उठून आले.

"भाऊ, रस्ता तथा शे. आठे काबर उनात?"

रस्ता सोडून इकडे का आलो, याचं उत्तर म्हणून मी यंत्र दाखवलं. "हे सांगतंय. वर उपग्रह आहे."

आबांनी आधी यंत्राकडे, मग वर आभाळाकडे पाहिलं. "मंग त्यालेच इचारा ना, वावरमा काबर लयना ते!"

त्यांनी गाडी उभी करून दिली, पाणी पाजलं, आणि अर्थातच आईचं माहेर विचारलं. (ते यावल. आबांची चुलत सूनही यावलचीच निघाली.) धरणगाव कुठल्या बाजूला, हे त्यांना विचारण्याचा मोह मी आवरला. यंत्र असताना माणसाला काय विचारायचं!

शेवटी पिछाडीच्या शेतांतून मी गावात शिरलो. डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेला, तोंडाला पंचा गुंडाळलेला. यंत्र "आलं" म्हणून किंचाळलं. समोर मांडव होता, आणि कर्ण्यावरून कुणीतरी ओरडत होतं, "मुलीचे मामा जिथे असतील तिथून ताबडतोब यावे! मुहूर्त टळतोय!"

मी यंत्र ओढून खिशात कोंबलं आणि धावलो. ओळखीचा चेहरा एकही दिसेना, पण लग्नात ओळखीची माणसं जेवणाच्या मांडवाकडेच असतात.

"मी मामा!" मी ओरडलो.

"मामा उनात! मामा उनात!" एका म्हाताऱ्याने मला मिठीच मारली. "कितला उशीर, भाऊ! चला, पोर वाट देखी राह्यनी!"

नवरीने मान खाली घातली होती. डोक्यावर शाल, तोंडावर मुंडावळ्या, त्यावर पार्लरवालीचा थर. मी तिचा दंड धरला. "घाबरू नको, मी आहे."

"मामा, तुम्ही खरंच उनात!" असं म्हणून ती इतकी रडली की मीही पंच्याच्या टोकाने डोळे टिपले. भाचीचा आपल्यावर एवढा जीव आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी तिला पाटावर उभं केलं आणि ऐटीत मागे उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाली.

दुसऱ्या कडव्यात भटजींनी नवरीचं नाव घेतलं. सुगंधा.

माझ्या हातातल्या अक्षता गळाल्या. "मी मामा नाही!" मी शेजारच्या म्हाताऱ्याच्या कानात म्हणालो.

"आसं बोलू नका, भाऊ. आठ वरीसना राग आते सोडा!"

तो राग कसला, ते मला नंतर कळलं. सुगंधाचा मामा सुरतेला, आठ वर्षं रुसून बसलेला. त्याला नीट ओळखणारी एकटी तिची आई, आणि रीतीप्रमाणे अष्टकांच्या वेळी ती मागच्या दारी तुळशीला पाणी घालत होती.

"अहो, खरंच नाही! मी धुळ्याचा!"

"धुळाले राह्याले गयात का? चांगलं करं," म्हाताऱ्याने माझा दंड आणखी घट्ट धरला.

इतक्यात मागच्या गल्लीतल्या कर्ण्यावरून आवाज आला. तो मी दहा हजारांत ओळखला असता. "अहो, कुठे आहात? उज्ज्वला खोळंबलीय! त्या डबीला विचारू नका, एखाद्या माणसाला विचारा!"

सुगंधाने मागे हात करून माझं बोट धरलं होतं. सोडवून पळावं तर ही पोर मामाशिवाय, थांबावं तर माझी. अक्काला दिलेला शब्द आठवून मला ब्रह्मांड आठवलं. पण बोट सोडवायला माझा हात काही धजेना. मी उभा राहिलो. गुरुजींनी ती आठ कडवी जन्मात कधी इतकी सावकाश म्हटली नसतील.

टाळ्या पडल्या आणि तुळशीपासून सुगंधाची आई धावत आली. आठ वर्षांनी आलेल्या भावाला डोळे भरून पाहायला. मी पंचा सोडला. ती थबकली.

"हाऊ कोन शे?"

मी पळालो. दोन घरं, एक बोळ आणि एक उकिरडा ओलांडला, की अक्काचं दार. तिथेही टाळ्या पडून गेल्या होत्या. उज्ज्वलाच्या पाठीशी, पदर खोचून, कुंदा उभी होती. मुहूर्त टळू नये म्हणून तिनेच मुलीला मांडवात आणलं होतं. मी अक्कासमोर जाऊन सगळं खरं सांगितलं. 

"दुसऱ्याच्या पोरीला तरी मामा मिळाला," एवढंच ती म्हणाली. मग मामाच्या मानाचा टॉवेल आणि टोपी उचलून ती कुंदाकडे वळली. "वहिनी, हा मान तुमचा."

कुंदाने पदरावरून टोपी घातली. सगळा मांडव हसला, उज्ज्वलासुद्धा. फोटोग्राफरने सगळ्यांना ओळीत उभं केलं. मीही उकिरड्यातून बरबटलेल्या बुटांनी हळूच कडेला जाऊन उभा राहिलो.

"ओ काका," तो कॅमेऱ्यातून डोकं काढून मला म्हणाला, "जरा बाजूला व्हा. हा घरच्या माणसांचा फोटो आहे."

मी अक्काकडे पाहिलं, तिने नवऱ्या मुलाकडे पाहिलं. मी एक पाऊल सरकलो.

"अजून थोडं," टोपी सरळ करत कुंदा म्हणाली.