न बनलेल्या पंख्याचा आवाज

"येतोय का आवाज?" साहेबांनी फोनवर पुन्हा विचारलं.

"नाही सर. वाढवून बघते."

सुनेच्या एका कानाला फोन होता, दुसऱ्यावर हेडफोन. खोलीचं दार आतून बंद आणि डोक्यावर जुना एसी घरघरत होता. थोड्याच वेळात ऑफिसात मोठं गिऱ्हाईक येणार होतं, स्वयंपाकघरातल्या नव्या चिमणीचा पंखा ऐकायला. पंखा अजून बनलाच नव्हता. पात्यांवरून सुटणाऱ्या हवेचे लाखो चिमुकले भोवरे तिने कॉम्प्युटरमध्ये सोडले होते आणि कोणता भोवरा कोणाला कसा ढकलतो, याच्या हिशेबातून पंख्याचा आवाज तयार केला होता. तो आवडला नाही, तर काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार होतं. आणि आता तो ऐकूच येत नव्हता.

येत होता, पण बाहेर. लॅपटॉपने परस्पर हॉलमधल्या मोठ्या स्पीकरशी सूत जमवलं होतं.

हॉलमध्ये सासरे पेपर वाचत होते. 'सूंऽऽ' ऐकून ते स्वयंपाकघरात धावले. शेगडी बंद, सिलिंडरही बंद. सर्दीने नाक चोंदलेलं, त्यामुळे वास कळेना. 'सूंऽऽ' मात्र चालूच. त्यांनी खोलीच्या दारावर थापा मारल्या.

"सूनबाई, गॅस! बाहेर ये!"

"थांबा हं, अजून वाढवते!" ती साहेबांना म्हणाली.

"अगं, वाढवू नकोस!" सासरे किंचाळले. आवाज दुप्पट झाला.

"गॅस, गॅस!" ओरडत त्यांनी समोर राहणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंची बेल दाबली.

"बेल काय वाजवता? ठिणगी पडेल!" बाई आतूनच ओरडल्या. त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला आणि अख्खी बिल्डिंग खाली उतरवली. सासरे मात्र उतरेनात.

"सून आत आहे. ती आल्याशिवाय मी हलणार नाही," म्हणत ते तिच्या दाराशी फतकल मारून बसले.

अखेर जवानांनी कडी उचकटली. समोर कुऱ्हाड घेतलेला माणूस बघून सुनेच्या हातातला फोन गळून पडला. उघड्या दारातून आवाज आत घुसला आणि जमिनीवरून साहेब ओरडले, "आला, आला! अगदी खरा वाटतोय!"

जवानाने आवाजाचा माग काढला, स्पीकरला कान लावला आणि वायर उपटली. सगळं शांत झालं.

खाली सेक्रेटरीबाई वाटच पाहत होत्या. "म्हातारी माणसं उन्हात उभी केलीत! कामं घरी कशाला आणता?"

सुनेने मान खाली घातली. सासरे पुढे झाले. "तिला काही बोलू नका. ओरडलो मी."

"आलोच आहोत, तर सगळी घरं बघतो," म्हणत जवान गॅस ओळखणारं मीटर घेऊन वर गेले. ते खाली आले, तेव्हा एकाच्या हातात रबरी नळी होती, उंदराने कुरतडलेली.

"कोणाकडची?" सेक्रेटरीबाईंनी दरडावून विचारलं.

"तुमचीच, बाई. बंद स्वयंपाकघरात गॅस चांगलाच साठला होता."

बाईंनी नळी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "अहो, पण... आवाज तर काहीच येत नव्हता!"

सासऱ्यांनी सुनेकडे वळून अगदी गंभीरपणे सांगितलं, "सूनबाई, सवड झाली की यांच्या नळीलाही एक आवाज बनवून दे."